आटगांवचा गाण्याचा तास

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीनें आसनगांव मागें टाकलें, कीं माहुलीचे सुळके दिसूं लागतात, वस्ती विरळ होते आणि पुढचें स्टेशन आटगांव येतें. येथून जवळच तानसा तलाव आहे. १८९२ मध्यें पुऱ्या झालेल्या त्याच्या धरणाचें पाणी आजहि मुंबईच्या घरोघरीं जातें. मुंबईकर तें पाणी पितो. परंतु ज्या मुलखांतून तें येतें, तेथील मुलें काय गातात हें त्याच्या कानीं कधीं पडत नाहीं. आम्हीहि त्यांतलेच होतों. संगीतशिक्षकाच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी म्हणून सरावाचे पाठ घेण्यासाठीं या बाजूच्या एका शाळेंत आम्ही गेलों, तेव्हां आपण येथें कांहीं द्यावयास चाललों आहोंत, अशीच आमची समजूत होती. तिचें पुढें काय झालें, तें वाचकांस सांगावें म्हणून हा प्रपंच.

पाठाचें टांचण आम्हीं रात्र जागून केलें होतें. विषय भूप रागाचा. मध्यम व निषाद वर्ज्य असल्यामुळें या रागांत पांचच स्वर लागतात, आणि म्हणून नवशिक्या मुलांस तो सोपा जातो, असें आम्हांस शिकविलेलें. इयत्ता चौथी, चाळीसएक मुलें, त्यांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशा निरनिराळ्या वस्त्यांतून चालत येणारीं पुष्कळ. शाळेंत पेटी नव्हती, म्हणून मोबाइलमधील तानपुरा लावला. तो आमच्या रोजच्या पट्टींत, काळी एकमध्यें. आम्हीं षड्ज लावला, मुलांनीं तो उचलला आणि वर्ग क्षणांत भरून गेला. त्या वेळीं झालेला आनंद खोटा नव्हता.

तथापि त्या भरलेल्या आवाजांत एक घोगरा आवाज सारखा खालीं घरंगळत होता. मागच्या बाकावरील एक मुलगा मान खालीं घालून, गळ्याच्या शिरा ताणून गात होता. पण त्याचा सूर कोणाशींच मिळत नव्हता. दोनदां आम्हीं त्याला एकट्याला गावयास लावलें, दोन्ही वेळां तेंच. मुलें हसूं लागलीं. पाठ बिघडेल, गुण जातील, या धास्तीनें आम्ही म्हणालों, "बाळ, तूं आज नुसता ऐक." शब्द गोड होते. मुलानें तोंड मिटलें. पुढचा सारा तास निर्विघ्न पार पडला आणि टांचणावर 'वर्गनियंत्रण उत्तम' असा शेरा मिळाला.

मधल्या सुटींत पाऊस थांबला होता. शाळेच्या मागें हात धुण्याच्या जागीं कोणी तरी गात होतें. भातलावणीच्या वेळीं बायका म्हणतात त्या चालीचें गाणें असावें. एक ओळ पुनःपुन्हां येत होती आणि दर वेळीं नेमकी त्याच स्वरावर उतरत होती. आवाज उंच, मोकळा आणि स्वच्छ. आम्हीं वाकून पाहिलें, तों गाणारा मागच्या बाकावरचाच मुलगा! आम्हांस पाहतांच तो गप्प झाला व डबा घेऊन निघून गेला.

ज्याला आम्हीं बेसूर ठरविलें, त्याचा सूर इतका पक्का कसा? त्या रात्रीं विचार करतां करतां उलगडा झाला. प्रौढ पुरुषाचा गळा मुलांच्या गळ्यापेक्षां सुमारें एक सप्तक खालीं चालतो. पुरुषानें षड्ज लावला, तर बहुतेक मुलें न कळत तोच स्वर वरच्या सप्तकांत घेतात आणि आपणांस वाटतें कीं सूर जुळला. या मुलानें मात्र आम्हीं लावला तोच स्वर, आमच्याच सप्तकांत, गांठण्याचा प्रयत्न केला. तितक्या खालीं त्याचा गळा जाणें शक्यच नव्हतें. म्हणून तो घोगरत, घसरत राहिला. अर्थात् चाळीस मुलांत आमचें सर्वांत काटेकोरपणें ऐकणारा कदाचित् तोच होता, आणि त्यालाच आम्हीं 'नुसता ऐक' म्हणून सांगितलें! लहान मुलांना पुरुषाच्या आवाजापेक्षां स्त्रीचा किंवा दुसऱ्या मुलाचा सूर उचलणें सोपें जातें, हें पुस्तकांत आम्हीं वाचलेलें होतें. वाचलेलें वेळेवर आठवेल तर मग काय हवें!

आपल्याकडे वर्गांत संगीत शिकविण्याची चाल फार जुनी नाहीं. पूर्वी गुरूसमोर एकेक शिष्य बसे व गुरूच्या गळ्यांतून विद्या घेई. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, १९०८ मध्यें तें मुंबईस आणलें, पं. भातखंड्यांनीं चिजा स्वरलिपींत बांधून क्रमिक पुस्तकें सिद्ध केलीं. या दोघांमुळें गाणें गृहस्थांच्या मुलामुलींपर्यंत पोंचलें, हे त्यांचे उपकार थोर आहेत. आणि या स्वरलिपींतहि षड्ज कोठें लावावा याची सक्ती नाहीं. गाणाऱ्याचा गळा जेथें सुखानें ठरेल, तोच त्याचा षड्ज. ही मोकळीक आपल्या संगीतानें दिलेली असतां, आम्हीं मात्र आपलाच गळा हें सर्वांचें माप मानलें.

हंगेरी देशांतील संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनीं शाळेंतील गायनाचा आरंभ मुलांच्या मातृभाषेंतील लोकगीतांपासून करावा, असा आग्रह धरला होता. त्यासाठीं आम्हांस हंगेरीस जाण्याचें कारण नव्हतें. या ठाणें जिल्ह्यांतच वारल्यांच्या लग्नांत धवलेरी ही स्त्री गाणीं म्हणत लग्नाचे विधि चालविते. ज्या मुलांच्या घरीं लग्न गाण्यानें लागतें, त्यांना गाणें येत नाहीं असें समजून आम्ही टांचण करीत बसलों होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाठ बदलला. पट्टी बदलण्याची फारशी गरज नव्हती. बदलावयाचा होता तो सूर देणारा गळा. एका स्थिर आवाजाच्या मुलीस पुढें उभें केलें. ती म्हणे, वर्ग उचली, आम्ही नुसता ताल धरीत होतों. मग मुलांस त्यांच्या घरचीं गाणीं विचारलीं. आरंभीं लाजलीं, नंतर हात वर होऊं लागले. शेवटीं आम्हीं मागच्या बाकाजवळ गेलों आणि म्हणालों, "काल तूं सुटींत म्हणत होतास तें आम्हांला शिकवशील का? चूक आमची झाली होती, तुझी नाहीं." त्यानें जमिनीकडे पाहिलें आणि म्हटलें, "मला नाय येत, गुर्जी."

आदल्या दिवशीं जें त्याला उत्तम येत होतें, तें एका वाक्यानें येईनासें झालें. आमच्या पहिल्या पाठाचें खरें फळ हें, आणि तें कोणत्याहि शेऱ्यांत नोंदलें गेलें नाहीं.

पुढें उरलेल्या दिवसांत आम्हीं त्याला पुन्हां छेडलें नाहीं. तो बाकावर बोटांनीं ठेका धरी. पुढें पुढें त्याचे ओंठ हलतांना दिसूं लागले. शेवटच्या दिवशीं सारा वर्ग गात असतां त्याचाहि आवाज त्यांत असावा. कान लावून तो वेगळा शोधण्याचा मोह आम्हीं आवरला. इतरांच्या आवाजांत त्याला निर्धास्त मिसळतां यावें, एवढेंच आतां त्याला हवें होतें.

हें सारें येथें लिहिण्याचें कारण असें, कीं अशी चूक शाळेंतच होते असें नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतहि एखादें मूल गुणगुणूं लागतें आणि काका, आत्या किंवा थोरला भाऊ सहज बोलून जातो, "तुझा गळा नाहीं रे, राहूं दे!" बोलणारा विसरतो, ऐकणारा साठाव्या वर्षींहि 'आमच्याकडे गाणें नाहीं' असें हसत सांगतो. उलट गणपतीची आरती आठवून पाहावी. तेथें आजोबांच्या खर्जापासून नातवाच्या किनऱ्या आवाजापर्यंत सारे एकदम गातात. कोणी कोणास गप्प बसवीत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तोच नातू आपोआप सुरांत येतो. मूल बेसूर वाटलें, तर आधीं सूर देणारा गळा बदलून पाहावा. आजीनें द्यावा, ताईनें द्यावा, शेजारच्या मुलानें द्यावा. आणि तरीहि नाहींच जुळला, तर थोडी वाट पाहावी. तोंपर्यंत त्याला 'नुसता ऐक' म्हणूं नये, इतकीच आमची विनंति आहे.