विद्युत्‌धक्का आणि हृदय

चित्रपटांत छातीवर विद्युत्‌धक्का बसताच निश्चल हृदय धडधडू लागते, हे इतक्या वेळा पाहण्यात येते की, डिफिब्रिलेटर हे यंत्र म्हणजे हृदय सुरू करण्याची कळ असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र जवळजवळ उलट आहे. निलय-कंपनात (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची अनियंत्रित थरथर) हृदय थांबलेले नसते. त्याचे स्नायुतंतू आपापल्या तंत्राने आकुंचन पावतात आणि रक्त पुढे सरकत नाही. रेल्वेमार्गावर सिग्नलयंत्रणेत गोंधळ झाला, तर सर्व गाड्या जागच्या जागी थांबवून मगच नियंत्रण कक्षाच्या हुकुमाने एकेक सोडावी लागते. तद्वत यंत्राच्या धारित्रात (विद्युत्‌भार साठवणारा घटक) साठवलेली, प्रौढांसाठी साधारणतः १२० ते २०० जूल ऊर्जा काही सहस्रांश सेकंदांत सोडून सर्व तंतू एकदम शांत केले जातात, आणि मग उजव्या अलिंदातील नैसर्गिक गतिकारक पुन्हा अंमल हाती घेऊ शकतो. हृदयाच्या विद्युत्‌आलेखावर सपाट रेषाच असेल, तर धक्का निरुपयोगी; तेथे छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब आणि औषधे हाच इलाज. सार्वजनिक ठिकाणचे स्वयंचलित यंत्र हा निवाडा स्वतःच करते, म्हणून सामान्य नागरिकाने ते हाताळण्यास कचरू नये; ते येईपर्यंत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, दाब अखंड चालू ठेवावेत.