दिवसा उपचार, संध्याकाळी घर

मनोविकाराच्या रुग्णापुढे दोनच वाटा असतात, इस्पितळाच्या भिंतींआड दाखल होणे किंवा घरातील एका खोलीत पडून राहणे, अशी समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. आणि मनोरुग्णांविषयीचा १९१२ चा जो कायदा या देशात दीर्घकाळ अमलात होता, त्याची दृष्टीच मुळी रुग्णाच्या उपजीविकेपेक्षा त्याच्या बंदोबस्तावर खिळलेली असल्यामुळे ही समजूत दृढ होत गेली. सकाळी घरून निघावे, दिवसभर उपचार घ्यावेत आणि संध्याकाळी आपल्याच माणसांत परतावे, ही तिसरी वाट अजूनही फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे.

या वाटेचा आरंभ १९३३ मध्ये मॉस्को येथे झाला, तो खाटांच्या टंचाईतून. पुढे १९४६ च्या सुमारास माँट्रियल आणि लंडन येथे अशीच दिवसा चालणारी रुग्णालये निघाली, आणि १९५२ नंतर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे उपलब्ध झाल्यावर घरी राहून उपचार घेणे असंख्य रुग्णांना शक्य झाले.

परंतु औषधाने सर्वच साधते असे नाही. स्किझोफ्रेनियामध्ये भास आणि संशय औषधाने बहुधा ओसरतात. मात्र कशातच मन न लागणे, बोलणे खुंटणे, स्नानाचाही कंटाळा येणे, ही लक्षणे चिवटपणे मागे राहतात. दिवसा उपचार देणाऱ्या अशा केंद्राचे, म्हणजेच दिवसकेंद्राचे, खरे कार्य येथे सुरू होते. ठरल्या वेळी हजेरी, व्यायाम, गटचर्चा, सर्वांसमवेत जेवण, हाताला झेपेल असे काम आणि त्या कामाचा अल्पसा का होईना मोबदला, अशा नित्यक्रमातून हरवलेली कौशल्ये पुन्हा अंगवळणी पडतात. औषध वेळेवर घेतले जाते की नाही यावर लक्ष राहते, आणि आजार उलटण्याची चिन्हे दिसू लागताच डॉक्टरांना वर्दी देता येते.

घरच्या माणसांनाही त्या काही तासांत नोकरी करता येते, उसंत मिळते. त्यांना उपचारांत सामावून घेण्याचे मोल अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात ओळखले आणि नातेवाइकांसाठी आवारातच तंबू उभारले. पुण्यात कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कार्यात आजारी व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात, आणि दोघांचाही सारख्याच आस्थेने विचार होतो.

आत्मघाताचा किंवा इतरांना इजा होण्याचा तातडीचा धोका असेल, तेव्हा रुग्णालयात दाखल करण्यास पर्याय नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु तो प्रसंग टळल्यावर माणसाला अखेर ज्या घरात, ज्या गल्लीत आणि ज्या बाजारपेठेत आयुष्य काढायचे असते, तेथून त्याला तोडून त्याचे पुनर्वसन कसे साधणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क त्याला दिलाच आहे. एस.टी.च्या भाड्यात आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात गाठता येईल असे दिवसकेंद्र तालुक्या-तालुक्याला उभे करणे, हे सरकारचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. त्यावाचून तो हक्क गरीब शुभार्थीच्या हाती पडणार नाही.