लग्न राजूरला, बिऱ्हाड कल्याणला

भात झोडून घरात आले, तुळशीचे लग्न लागले, की राजूरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सोयरिकीच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी नवरी एका गावाहून निघे आणि डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गावी नांदायला जाई. आता कितीतरी पोरी बारी, घोटी, इगतपुरी करीत कसाऱ्याचा घाट उतरतात आणि कल्याण, टिटवाळा, आसनगाव यांपैकी कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर माप ओलांडतात. नवरदेव कुठे कारखान्यात, कुठे गोदामात, कुठे गाडीवर. लग्न ठरते तेव्हा त्याचे स्वतःचे बिऱ्हाडही धड लागलेले नसते. चार सोबत्यांत राहणारा पोरगा लग्न ठरले म्हणून घाईघाईने खोली बघू लागतो.

तुमच्या घरी यंदा असे लग्न असेल, तर एक गोष्ट आधीच मनाशी बांधा. हे एक कार्य नाही, दोन आहेत. एक लग्न आणि दुसरे बिऱ्हाड. आपण याद्या करायला बसतो तेव्हा पहिल्याचाच हिशेब मांडतो. मांडव, आचारी, बस्ता, दागिना, वाजंत्री, मानपान सगळे कागदावर येते. खोलीचे नाव निघाले, की कोणीतरी म्हणतो, "ते पोराचं पोरगा बघून घेईल." आणि नेमके तिथेच घर फसते.

या बाबतीत एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. 1875 साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. सुप्याच्या बाजारात मे महिन्यात ठिणगी पडली आणि कर्जखते जाळली गेली. सरकारने चौकशीला समिती नेमली. कुणबी लग्नावर पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे तेव्हाही साहेबलोक म्हणत असत. समितीने खातेवह्या पाहिल्या आणि निराळेच सांगितले. लग्नाचा खर्च मोठा दिसतो खरा, पण कर्जाचे मूळ बहुधा त्यात नसते; बी-बियाणे, पोटाला धान्य, सारा अशा लहानसहान रकमा साचत जातात आणि त्यातून घर बुडते. नंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

आता त्या बी-बियाण्याच्या जागी खोलीचे भाडे, रेल्वेचा पास, गॅसची टाकी आणि विजेचे बिल घाला, म्हणजे कल्याणच्या बिऱ्हाडाचे चित्र डोळ्यांपुढे येईल. लग्नात हात मोकळा झालेला असतो. पहिल्याच महिन्यापासून या रकमा उभ्या राहतात. मग पोरगा गावी फोन करतो, आणि आवणीसाठी ठेवलेले पैसे घाट उतरून जातात.

म्हणून हिशेब उलटा मांडा. आधी बिऱ्हाड, मग लग्न. समजा, घरातले, भाताचे आणि पोराने साठवलेले असे मिळून 3 लाख रुपये तुमच्यापाशी आहेत. खोलीचे डिपॉझिट 40 हजार, दलालाला एक महिन्याचे भाडे 7 हजार, भांडी-गादी-शेगडीला 30 हजार. आणि सहा महिन्यांचे भाडे, 42 हजार, निराळे बाजूला. झाले 1 लाख 19 हजार. उरले 1 लाख 81 हजार. लग्न करायचे ते एवढ्यातच. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण ओळींचा क्रम बदलू नका. सहा महिन्यांचे भाडे सुनेच्या आणि मुलाच्या जोडखात्यात ठेवलेत तर फारच चांगले. एकट्या पोराच्या खिशात पैसा लवकर विरघळतो, हे काय तुम्हाला सांगायला हवे?

उरलेल्यात भागत नाही असे दिसले, की जमिनीकडे नजर जाते. थांबा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण किंवा कसायला द्यायला 1974 पासून जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. साध्या कागदावर "लग्नापुरती" लिहून दिलेली जमीन म्हणजे पुढच्या पिढीचे भांडण. परवान्याशिवाय सावकारी करणे हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा अडल्यावेळी असल्या माणसाच्या दारात जाण्याआधी जेवणावळीतली शंभर पाने कमी करा.

आता मुलीकडच्या मंडळींसाठी. हुंडा हा शब्द हल्ली बैठकीत उच्चारत नाहीत. सुधारलो ना आपण! त्याऐवजी म्हणतात, "आम्हाला काही नको, पोरीलाच राहायचंय, तेवढं खोलीच्या डिपॉझिटचं बघा." कोणी म्हणतो, फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला हातभार लावा. हा हुंडाच आहे, नाव तेवढे बदलले. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात पैसा रोख दिला की खोलीच्या नावाने, असा भेद नाही. नुसती मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षे कैद आहे. देणे-घेणे झाले तर कमीत कमी पाच वर्षे, आणि देणाराही त्यात येतो. बैठकीत हा विषय निघाला, तर मुलीच्या बापाने मान खाली घालण्याचे कारण नाही. "खोली तुमची, डिपॉझिट तुमचं," असे चार माणसांत शांतपणे म्हणावे. मुलीला मायेने काही द्यायचे असेल तर तिच्या स्वतःच्या खात्यात ठेवा आणि दिलेल्या वस्तूंची यादी दोन्हीकडच्या सह्यांनिशी करून ठेवा. एवढ्यावरून सोयरीक मोडली, तर ती मोडण्याच्याच लायकीची होती.

लग्न कुठे करायचे, यावर बऱ्याच घरांत वाद होतो. पोराचे सोबती म्हणतात, कल्याणला हॉल घेऊ. आजी म्हणते, देवक इथे बसायचे आणि अक्षता तिथे पडायच्या, हे कसे? मग तडजोड म्हणून गावी लग्न आणि तिकडे रिसेप्शन, अशी दोन-दोन कार्ये होतात. ही तडजोड सगळ्यांत महाग. माझे मत विचाराल तर लग्न एकच करा आणि गावीच करा. गावात मांडवाला माणसे लागतात ती घरची मिळतात. निवडणे-टिपणे आयाबाया करतात, पंगतीत वाढायला गावची पोरे उभी राहतात. हॉलमध्ये यातल्या प्रत्येक हाताचे पैसे मोजावे लागतात, आणि वेळ संपली की दिवे घालवतात. राहिले इमारतीतले शेजारी आणि कामावरचे सोबती. त्यांच्यासाठी राजूरचे पेढे न्या. नव्या सुनेने एका संध्याकाळी जिन्यातल्या प्रत्येक दारी पेढे द्यावेत आणि नाव सांगावे. रिसेप्शनमध्ये पाकीट देऊन निघून गेलेल्या दोनशे माणसांपेक्षा ही आठ दारे तिच्या जास्त कामाला येतील.

तिथीही विचाराने धरा. वैशाखात सुट्या असतात म्हणून सगळे लग्ने तेव्हाच काढतात. पण आपल्या डोंगरभागात पाऊस कितीही पडो, भंडारदऱ्याचे धरण उशाला असो, वैशाखात अनेक वाड्यांवर हंड्याहंड्यासाठी पायपीट असते. पाहुण्यांना पाणी टँकरने पाजायचे, म्हणजे आणखी एक खर्च. मार्गशीर्षात किंवा माघात मुहूर्त मिळाला तर ओढ्या-विहिरींना पाणी असते, भाताचे पैसे हातात असतात आणि रात्री मांडवात थंडीपुरती शेकोटी केली की झाले. पोराने मात्र रजेचे कामावर दोन महिने आधी बोलून ठेवावे.

कल्याणहून पाहुणे आणायचे तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात आधी चौकशी करा आणि खासगी गाडीच्या दराशी ताडून पाहा. मंडळी थोडी असतील तर अख्ख्या गाडीची गरजच नाही. 2023 पासून एसटीच्या नेहमीच्या गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि कसाऱ्यापर्यंत लोकल येते.

खोली घेतानाची एक गोष्ट गावाकडच्या माणसाला सांगितलीच पाहिजे. भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. 1999 च्या महाराष्ट्राच्या भाडे कायद्याप्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "आपल्याच तालुक्यातला माणूस आहे, कागद कशाला?" असे म्हणून दिलेले डिपॉझिट परत मिळवताना तालुका कामाला येत नाही. खोली बघायला पोराबरोबर घरातली एक जाणती बाई जाऊ द्या. पुरुष भाडे विचारतो. बाई विचारते, पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, संडास कुठे आहे, रात्री जिन्यात दिवा असतो का.

आंदणाचेही तसेच. मोठे कपाट, तांब्याचा बंब, भलेमोठे हंडे मांडवात शोभतात. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट मावले, तर माणसे बाहेर बसतात. आणि ते आधी जिन्यातून वर चढले पाहिजे. त्यापेक्षा घरचा तांदूळ, नागली, वरई, मसाला आणि दोन चांगली पातेली द्या. एक पोते तांदूळ म्हणजे नव्या संसाराला बाजाराची केवढी उसंत.

कागदपत्रांची एक पिशवी निराळी करा. गावी लागलेल्या लग्नाची नोंद 90 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घ्या. तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते साक्षीदार मांडवातच गाठून ठेवलेले बरे. वयाचे दाखले तर सुपारी फोडण्याआधीच पाहा. मुलगी 18 ची आणि मुलगा 21 चा पुरा नसेल तर तिथी पुढे ढकला, दुसरा उपाय नाही. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो. लग्नानंतर नाव बदलले म्हणून तो जुना समजून टाकू नका. जमात जन्माने ठरते. पुढे तिला नोकरी करायची झाली तर बापाकडचेच कागद पुढे करावे लागतात. ते माहेरच्या पेटीत न ठेवता तिच्याच हाती द्या.

शेवटी त्या पोरीचे. सून म्हणून वाडीवर गेली असती तर दारात जावा, नणंदा, शेजारणी असत्या. इथे नवरा सकाळी सातला लोकल धरतो आणि रात्री नऊला येतो. दार लावून ती दिवसभर एकटी. आपल्या जुन्या माणसांनी यावर उपाय करून ठेवला आहे, तो म्हणजे पाठराखीण. हल्ली ती दोन दिवस राहून साडी घेऊन परत येते. कल्याणच्या बिऱ्हाडाला ती महिनाभर पाठवा. आणि लहान बहीण पाठवण्यापेक्षा, जिने शहरात चार वर्षे काढली आहेत अशी मावशी किंवा आत्या शोधा. तिने नव्या नवरीला लोकलचे तिकीट काढायला शिकवावे, बायकांचा डबा फलाटावर कुठे येतो ते दाखवावे, भाजीबाजार, दवाखाना आणि रेशनचे दुकान पायी फिरवून आणावे. गावचे कार्ड असले तरी धान्य आता तिकडच्या दुकानातही घेता येते, हेही विचारून घ्यावे. मग पाचपरतावनाला पोरगी माहेरी येईल तेव्हा तिला एकटीने बसून यायला सांगा. घोटीच्या स्टँडवर कोणीतरी घ्यायला उभे राहा, म्हणजे झाले.