अथेन्सची मांदुबाला

मधुबाला म्हटले की आपल्याकडे कोणाला ‘महल’ आठवतो, कोणाला ‘मुगल-ए-आझम’, तर कोणाला ‘चलती का नाम गाडी’मधली ती रात्री भिजत आलेली पोरगी. ग्रीस देशात मात्र हे नाव एका गाण्याचे आहे. ‘मांदुबाला’ या नावाची ही ध्वनिमुद्रिका १९५९ साली अथेन्समध्ये निघाली आणि तिने खपाचा उच्चांक केला. गायक होता स्टेलिओस काझांझीदिस. संगीतकार म्हणूनही नाव त्याचेच.

हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा दुसऱ्या ओळीलाच चमकलो. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण चाल? चाल तर घरचीच! राज कपूरच्या ‘आवारा’मध्ये (१९५१) नर्गिसच्या तोंडी लताबाईंचे ‘आ जाओ तडपते हैं अरमाँ’ आहे ना, तीच ही चाल. शब्द हसरत जयपुरींचे, संगीत शंकर-जयकिशनचे. आता गंमत पाहा: चाल नर्गिसच्या चित्रातली, नाव मधुबालेचे, आणि ‘आवारा’शी मधुबालेचा काडीचाही संबंध नाही!

पण ही केवळ गंमत नाही. हा काझांझीदिस कोण आणि हिंदी चाल त्याच्या गळ्यात इतकी चपखल कशी बसली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१९२२ साली तुर्कस्तानात ग्रीक सैन्याचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी दोन्ही देशांनी माणसांची अदलाबदल ठरवली. सुमारे बारा लाख ग्रीक लोक पिढ्यान्‌पिढ्यांची घरेदारे सोडून ग्रीसमध्ये येऊन पडले. आपल्याकडच्या १९४७च्या निर्वासितांची दैना ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्यांना अधिक सांगायला नको. या लोकांनी सोबत काय आणले असेल, तर आपली गाणी. लांब दांड्याच्या, धातूच्या तारांच्या बुझुकी वाद्यावर दारूच्या गुत्त्यांतून जी गाणी वाजत, त्यांत या पूर्वेकडच्या सुरांची भर पडली. प्रतिष्ठितांनी अर्थातच नाके मुरडली. १९३६ साली हुकूमशहा झालेल्या मेटाक्सासच्या राजवटीत तर तुर्की वळणाच्या गाण्यांवर बंदीच आली. आमचा देश सॉक्रेटिसाचा, इथे हे रडके पूर्वेकडचे सूर कशाला, असा एकूण सूर!

अशाच निर्वासितांच्या वस्तीत, अथेन्सजवळच्या निआ इओनियात, २९ ऑगस्ट १९३१ रोजी स्टेलिओसचा जन्म झाला. पुढे महायुद्ध, जर्मनांचा अंमल, १९४१-४२चा भीषण दुष्काळ आणि त्यावर कडी म्हणून ग्रीकांची आपसातली यादवी. त्या यादवीच्या काळात, १९४७ साली, बाप मारहाणीला बळी पडला. मिसरूड फुटायच्या वयात घराचा भार पोरावर आला. पडेल ते काम त्याने केले. कापडाच्या गिरणीतही राबला. तिथल्या मालकाने त्याचा गळा ऐकून त्याला गिटार घेऊन दिली, असे सांगतात.

१९५२ साली त्याची पहिली रेकॉर्ड निघाली आणि सपशेल पडली. त्याला पुन्हा संधी मिळाली हेच नवल. यानिस पापायोआनू या नामांकित संगीतकाराने दिलेले पुढचे गाणे होते ‘वळकट्या-पेट्या’ अशा अर्थाचे, आणि तिथून त्याचे नशीब फिरले. नाव पाहा! साऱ्या देशाने त्या सुमारास पेट्या भरायला घेतल्या होत्या. कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी बेल्जियमच्या खाणींत. आणि १९६० साली पश्चिम जर्मनीशी करार झाल्यावर तर गाड्या भरभरून तरुण तिकडच्या कारखान्यांत गेले. ग्रीक भाषेत परदेशवासाच्या दुःखाला ‘क्सेनित्या’ असा खास शब्द आहे. काझांझीदिस हा त्या क्सेनित्याचा आवाज झाला. आपल्या कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसणारी आई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून द्यायला नको.

याच लोकांना १९५४ सालापासून हिंदी चित्रपट पाहायला मिळू लागले. गरीब विधवा, हरवलेला मुलगा, अन्यायाने पिचलेली नायिका! ग्रीक बायकांनी पदर... म्हणजे रुमाल भिजवले. त्यात ‘मदर इंडिया’ने तर कहरच केला. नर्गिस आणि मधुबाला तिकडे देवता होऊन बसल्या. आणि चाली? त्या तर बंदी घातलेल्या त्या जुन्या सुरांच्या सख्ख्या बहिणी वाटल्या असणार. संगीतकारांनी थिएटरात बसून चाली उचलल्या आणि ग्रीक शब्द घालून विकल्या. हेलन अबाद्झी आणि मानुएल तासुलास या दोन संशोधकांनी १९९८ साली यावर ग्रीक भाषेत एक पुस्तकच लिहिले आहे. अशी शंभराहून अधिक गाणी त्यांना सापडली.

चोरीच ही, तिला दुसरे नाव मी देणार नाही. मात्र आपण फार टेंभा मिरवावा असेही नाही. त्याच ‘आवारा’तल्या ‘घर आया मेरा परदेसी’चे इजिप्तमधल्या एका जुन्या गाण्याशी असलेले साम्य जाणकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. चाली कधी पासपोर्ट काढून प्रवास करतात थोड्याच!

मला अधिक खुपते ती गोष्ट निराळी आहे. ‘मांदुबाला’चे ग्रीक शब्द लिहिले एफ्तिखिया पापायानोपूलू या बाईंनी. आयदिन गावाहून आलेली ही निर्वासित, शिकलेली बाई, तरुणपणी रंगभूमीवर वावरलेली. तिला पत्त्यांचा जुगार सुटेना. गाणी लिहायची, मिळेल त्या रोख पैशाला हक्कासकट विकायची आणि पत्त्यांत घालवायची. तिची कितीतरी गाणी दुसऱ्यांच्या नावांवर गाजली. इकडे आपल्या लताबाईंचेच पाहा: ‘महल’च्या (१९४९) ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर सुरुवातीला गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रातल्या पात्राचे. आणि ते पात्र रंगवले होते कोणी? मधुबालेने!

नावाची आणि पैशाची ही किंमत पुढे काझांझीदिसलाही चुकली नाही. १९५७पासून मरिनेला ही गुणी गायिका त्याच्याबरोबर गाऊ लागली. ‘मांदुबाला’तला दुसरा आवाज तिचाच. १९६१ साली मिकिस थिओदोराकिससारख्या थोर संगीतकाराने त्याला आपली गाणी दिली, तेव्हा नाके मुरडणाऱ्यांचीही तोंडे बंद झाली. १९६४ साली त्याने मरिनेलाशी लग्न केले. ते दोन वर्षांतच मोडले. पण त्याआधीच, १९६५ साली, ऐन चौतिसाव्या वर्षी, हा गडी रात्रीच्या क्लबांतून कायमचा बाहेर पडला. तिथले गुंड आणि पैशाचा माज यांचा त्याला वीट आला होता. इतक्या लोकप्रिय गायकाने श्रोत्यांसमोर पुन्हा उभेच राहायचे नाही, ही गोष्ट तुम्हाआम्हाला पटणे कठीण. त्याने मात्र ती पाळली. रेकॉर्डी तेवढ्या करीत राहिला.

१९७५ साली ‘इपार्खो’, म्हणजे ‘मी आहे’, ही त्याची तबकडी तुफान गाजली. आणि त्यानंतर तेही बंद! रेकॉर्ड कंपनीशी करारावरून तंटा जुंपला. लाखांनी रेकॉर्डी खपायच्या आणि गायकाच्या पदरात किती पडायचे, हा वाद. (लताबाई याच हक्कासाठी १९६०नंतरच्या वर्षांत भांडल्या आणि त्यापायी रफीसाहेबांबरोबर गाणे काही काळ थांबले, हे आपणांस ठाऊक आहेच.) काझांझीदिस हट्टाला पेटला. १९८७पर्यंत, जवळजवळ बारा वर्षे, त्याने नवी तबकडी केली नाही. गळा शाबूत, मागणी प्रचंड, आणि हा आपला होडी घेऊन समुद्रावर मासे पकडतोय!

या स्वाभिमानापुढे मी मान झुकवतो. फक्त शंकर-जयकिशन आणि हसरत यांचा हिशेब त्या बारा वर्षांत कधी त्याच्या मनात आला असेल का, एवढे विचारावेसे वाटते.

१४ सप्टेंबर २००१ रोजी, सत्तराव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीने तो गेला. एलेफसिना गावी अंत्ययात्रेला हजारोंचा लोंढा लोटला. त्यांत त्याला प्रत्यक्ष गाताना कधीच न पाहिलेले कितीतरी असणार. डिसेंबर २०२४मध्ये ‘इपार्खो’ याच नावाचा त्याच्या आयुष्यावरचा चित्रपट ग्रीसमध्ये लागला.

या दिवाळीत फराळाची ताटे बाजूला सारल्यावर सवड झाली, तर दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. आधी लताबाई, मग तो. लताबाईंच्या गाण्यात वाट पाहणे आहे, अजून आशा आहे. तिकडचा पुरुष मात्र गेलेल्या प्रियेला हाक मारतो आहे, भरदार, जड आवाजात; आणि मागून मरिनेलाचा सूर येतो, दुरून, बंदरातून सुटलेल्या बोटीवरून यावा तसा.