आठवडे मोजले, हृदय पाहायचे राहिले

गर्भाच्या हृदयाच्या सोनोग्राफीची सुरुवातीची वर्षे दोन वाक्यांत उरकता येतात. ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये लिंडसे ॲलन यांनी हृदयाच्या चार कप्प्यांचे दृश्य नेहमीच्या तपासणीत आणण्याचा आग्रह धरला. पुढे रंगीत डॉपलर रुळला. रेंगाळावे लागते ते २००८पाशी. गर्भाच्या हृदयात दोष आढळलेल्या मुंबईच्या एका दांपत्याला उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली, कारण २० आठवडे उलटले होते. ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ वर जायला आणि गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाची वाट खुली व्हायला २०२१ उजाडले. एवढी वर्षे वाद झाला तो आठवड्यांवर. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात हृदय पाहतात कसे, हा प्रश्न त्यात जवळपास आलाच नाही, आणि ती संधी हुकल्याची खंत आजही जात नाही.

महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते, तेव्हा चारही कप्पे बहुधा व्यवस्थितच दिसतात. दोष कळतो तो त्या धमन्या जिथून निघतात तिथवर प्रोब सरकवला तरच. म्हणूनच २०१३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी धमन्यांच्या मुळांची ही दृश्ये नेहमीच्या तपासणीचाच भाग ठरवली. निदान लवकर झाले की गर्भपातच वाढतील, असा आक्षेप घेतला जातो. पॅरिसच्या १९९९च्या अभ्यासाने त्याला उत्तर दिले आहे: याच दोषाच्या, जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ शस्त्रक्रियेआधीच दगावली, गर्भातच निदान झालेल्या ६८ पैकी एकही नाही. प्रसूती कुठे करायची, प्रोस्टाग्लँडिन हे औषध कधी सुरू करायचे, हे आधी ठरवता येते म्हणून बाळ वाचते. दुसरा आक्षेप यंत्राच्या भरवशाचा: हे काम नवे यंत्रच करेल, असा. स्टिक तंत्राने काही सेकंदांत हृदयाची त्रिमितीय नोंद घेता येते आणि ती दूरच्या तज्ज्ञाला वाचता येते, हे खरेच मोलाचे आहे. पण बाळ हलले किंवा मूळ द्विमितीय चित्रच धूसर असले, तर त्या नोंदीतून काही हाती लागत नाही. आपल्याकडे मात्र जाहिरात होते ती बाळाच्या फोर-डी चेहऱ्याची. प्रत्येक सोनोग्राफीमागे भरावा लागणारा फॉर्म एफ रकान्यागणिक तपासला जातो, आणि गर्भलिंगनिदान रोखायला ते हवेच. तोच काटेकोरपणा अहवालातल्या हृदयाच्या ओळीला का नाही? दोन्ही धमन्यांची मुळे दिसली की नाही, आणि दिसली नसल्यास पुन्हा कधी पाहणार, हे प्रत्येक अहवालात लिहिणे बंधनकारक करायला हवे.