आठ पायांचा सूर

दारावरची बेल, खेळण्यातला भोंगा, घड्याळाचा गजर. या सगळ्यांच्या पोटात विजेची एक ठरावीक उघडझाप चालू असते. व्होल्टेज क्षणात वर, क्षणात खाली. आलेख काढला तर तो चौकोनी दिसतो. असा ‘चौकोनी तरंग’ निर्माण करणारा ऑसिलेटर शाळकरी मुलांनाही एका संध्याकाळी जोडता येतो.

त्यासाठी हवी ५५५ ही आयसी. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये ती आजही सहज मिळते.

जोडणी

आयसीची खाच वर धरा. डावीकडचा वरचा पाय १. तेथून खाली ४ पर्यंत आणि उजवीकडून वर ८ पर्यंत मोजा. ब्रेडबोर्डवर ४ व ८ हे पाय ९ व्होल्ट बॅटरीच्या धन टोकाला, १ ऋण टोकाला जोडा. ८ व ७ मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. ७ व ६ मध्ये आणखी एक १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा पॉट एकापाठोपाठ जोडा. पॉटचा मधला व कडेचा एक, एवढेच पाय घ्या. २ व ६ एकत्र करून तेथून ऋण टोकापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पाय ५ व ऋण टोक यांमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येईल. पाय ३ पासून १०० ओहम, मग १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (धन बाजू आयसीकडे) आणि ८ ओहमचा छोटा स्पीकर. त्याचे दुसरे टोक ऋणाला.

घडते काय?

कपॅसिटर ही जणू पाण्याची टाकी. ती ६ व्होल्टपर्यंत भरली की आयसी पाय ७ मधून ती रिकामी करू लागते. ३ व्होल्टला आली की पुन्हा भरू देते. पॉट म्हणजे तिचा नळ. तो फिरवताच सूर सुमारे ७० हर्ट्झच्या घरघरीपासून ४,८०० हर्ट्झच्या किणकिणाटापर्यंत चढतो.

आता ०.१ च्या जागी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा (ऋण बाजू ऋणाला) आणि स्पीकरची जोडणी काढून तेथे ४७० ओहम व एलईडी बसवा; एलईडीचा आखूड पाय ऋणाला. वेग शंभरपट घटेल. दिवा तीन सेकंदांत दोनदा लुकलुकेल. पॉट फिरवत गेलात तर तो अखंड पेटल्यासारखा दिसेल. लुकलुक थांबलेली नसते, आपल्या डोळ्यांना ती पकडता येत नाही!

हे सांभाळा

पाय ७ वरचे रेझिस्टर गाळू नका, आयसी जळेल. आणि मुलांना बजावून सांगा: हा खेळ फक्त बॅटरीवरचा. भिंतीवरच्या प्लगशी याचा कधीही संबंध येऊ द्यायचा नाही.