बंदरावरचा शेवटचा दिवस



समुद्रप्रवासाच्या शेवटच्या दिवसाचें एक दुर्दैव असें कीं, तो कोणी प्रवासांत जमेसच धरीत नाहीं. पहाटे जहाज धक्क्याला लागतें, सामान बाहेर येतें, आणि मन तर आदल्या रात्रींच घरीं पोंचलेलें असतें. परतीची गाडी रात्रीची असली, तर मधले दहा-बारा तास कसेबसे ढकलावयाचे, दोन दुकानें हिंडावयाचीं आणि घड्याळाकडे पाहत बसावयाचें, असा बहुतेकांचा क्रम असतो.

माझें म्हणणें याच्या उलट आहे. बंदराचें शहर पाहण्यास याहून योग्य दिवस नाहीं. चार दिवस पाण्यावर काढलेल्या माणसाला भरती-ओहोटी, खोल पाणी, वाऱ्यापासूनचा आडोसा या गोष्टींचा अर्थ ताजा असतो. शहराकडे जहाजाच्या बाजूनें पाहण्याची दृष्टि त्याला आयतीच लाभलेली असते, आणि घरीं गेल्यावर ती लवकरच मावळते. म्हणून त्या दिवशीं एकच प्रश्न मनाशीं धरावा : आपलें जहाज नेमकें याच ठिकाणीं कां लागलें?

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. बॅलार्ड पिअरवर उतरणाऱ्या प्रवाशाला या प्रश्नाचें अर्धें उत्तर धक्क्यावरच मिळतें. एका बाजूस मुंबईचें बेट, दुसऱ्या बाजूस मुख्य भूमि, आणि मध्यें रुंद, खोल व सुरक्षित पाणी. मोठ्या जहाजांना हेंच हवें असतें. उरलेलें अर्धें उत्तर मात्र मुंबईंत नाहीं. तें पन्नासएक किलोमीटर आंत, उल्हास नदीच्या खाडीवर आहे. मुंबईचा बोलबाला होण्यापूर्वीं कित्येक शतकें व्यापारी गलबतें तिकडे जात असत.

तेव्हां सामान कोठें तरी सुरक्षित ठेवावें आणि छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून ठाण्याची गाडी धरावी. १६ एप्रिल १८५३ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धांवली, ती याच वाटेनें. ठाण्याच्या किल्ल्यांत आतां कारागृह आहे. तो बाहेरूनच पाहून कशेळीचा पूल ओलांडावा. पलीकडे भिवंडी तालुका लागतो. रस्त्याच्या दुतर्फा गोदामांच्या रांगा दिसतात आणि त्यांच्या गर्दींत अंजूर हें गांव आहे. येथील सिद्धिविनायकाचें दर्शन घेण्यास भाविक येतात. परंतु बंदरांच्या इतिहासांतहि या गांवाला मान आहे.

१५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांना दिली. पुढें दोनशें वर्षें या खाडीचें तोंड त्यांच्या हातीं राहिलें. साष्टींतील प्रजेचीं गाऱ्हाणीं पेशव्यांच्या कानीं घालण्यांत अंजूरच्या गंगाजी नाईकांचा पुढाकार होता. १७३७ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ च्या मेमध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेपुढें वसई शरण आली. खाडीवरील किल्ला घ्यावयाचा, तर ओहोटीची वेळ आणि उताराची जागा ओळखणारा माणूस तोफेइतकाच मोलाचा असतो. खाडीकांठचें एक लहानसें गांव या मोहिमेंत पुढें आलें, याचें नवल वाटावयास नको.

अंजूरहून कल्याणला जावें आणि दुर्गाडीच्या पायथ्याशीं खाडीकडे तोंड करून उभें राहावें. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतांत कल्याणचें नांव आहे. या बंदरांत येणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यांत भडोचला पाठवीत, असें त्यांत म्हटलें आहे. सहाव्या शतकांत कॉस्मस या लेखकानें येथून निर्यात होणाऱ्या लाकडाचा व कापडाचा उल्लेख केला आहे. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि पुढें येथेंच मराठी आरमाराचीं जहाजें बांधलीं गेलीं.

समुद्रापासून इतक्या आंत बंदर कां असावें? कारण माल तेथें सोयीनें उतरत असे. जुनीं गलबतें लहान आणि उथळ तळाचीं. भरतीच्या पाण्याबरोबर तीं सहज वर येत. पुढें कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर आणि तेथून पैठण, असा बैलांच्या तांड्यांचा मार्ग होता. जेथें पाण्याची वाट संपे आणि घाटाची वाट सुरू होई, तेथें बाजार वसला. पुढें जहाजें मोठीं झालीं, त्यांना खोल पाणी लागूं लागलें, आणि खाडींत तर गाळ सांचत होता. व्यापार मुंबईकडे सरकला.

पण घाट सरकले नाहींत. १८५४ सालीं आगगाडी कल्याणला पोंचली आणि तेथें तिच्या दोन वाटा झाल्या : एक बोरघाटानें पुण्याकडे, दुसरी थळघाटानें नाशिककडे. ज्या कारणासाठीं गलबतें कल्याणला येत, त्याच कारणासाठीं रूळ तेथें फुटले. बंदर गेलें, नाका राहिला. आपलें जहाज मुंबईस कां लागलें, याचें उरलेलें अर्धें उत्तर हेंच होय.

जातां जातां खाडीकडे पुन्हां एकदां पाहावें. भरतीचें पाणी कांठच्या दलदलींत, तिवरांत आणि खाजणांत पसरतें. ओहोटीला तें सगळें जोरानें मागें फिरतें आणि जातांना गाळ ओढून नेतें. ओहोटी हा खाडीचा झाडू आहे. कांठावर भराव घालून पाण्याची ही पसरण्याची जागा आपण जितकी आंवळूं, तितका हा झाडू दुबळा होईल, गाळ वाढेल आणि पावसाळ्यांत नदीच्या पाण्याला वाट उरणार नाहीं. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हासकांठच्या वस्त्यांनीं काय सोसलें, तें तेथील रहिवासी विसरलेले नाहींत. व्यापार दुसरीकडे गेला, तर गांव तग धरतें. पाण्याला जागा राहिली नाहीं, तर तें घरांत शिरतें.

संध्याकाळीं कल्याणहून जलद लोकल घेतली, तर तासाभरांत आपण पुन्हां बोरीबंदरला पोंचतों. रात्रीची गाडी चुकत नाहीं. मात्र सकाळीं ज्या धक्क्यावर आपण केवळ उतरलों होतों, तो आतां एका फार लांब वाटेचें टोंक म्हणून ओळखीचा झालेला असतो. प्रवासाचा शेवटचा दिवस याहून सत्कारणीं कसा लावावा?